रनर

पार्टेचा डावा गुडघा स्टीलचा,
म्हणून त्याच्यासाठी पळायचं मी.
कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, टेनिस बॉल,
साठीपुढच्यांचा सामना, आठ षटकं.
अंपायर भिलारेचा नातू, मोबाइलात मान घालून.

कांदा-बटाटा मार्केटात
ट्रकवरून पोतं मी सोडायचो,
खाली पाठ त्याची.
एकतीस वर्षं.
माल किती ओला आलाय
ते त्याच्या हुंकारावरून कळायचं.
आता तो टोलवतो, मी पळतो.
फिटंफाट, म्हणतो.

शेवटचा चेंडू, दोन हवे.
त्यानं लेगला ढकलला.
मी सुटलो,
एका हातानं ट्रॅकपँट धरून,
तर पलीकडून पावलं वाजली.
बघतो तो पार्टे!
बॅट बगलेत, तोंड उघडं,
एक पाय धावतोय, दुसरा कसाबसा मागून येतोय.
"अरे तू नाही, मी, मी!"
ऐकतोय कोण.

कीपर जुनघरे. चेंडू हातात घेऊन
बघत राहिला जरा वेळ.
मग स्टंपाला लावला.
त्यालाही घाई नव्हती.
नातवानं नियम फोनवर शोधला,
वाचला, पुन्हा वाचला,
आणि बोट वर केलं.

हरलो. चहा पार्टेच्या नावावर.
टपरीवर गुडघा चोळत म्हणाला,
"विसरलोच रे."
मग बशीत बघत,
"किती पावलं झाली असतील?"

अकरा. मोजली होती मी.
उभ्या हयातीत एक पोतं
वाढवून लिहिलं नाही.

चौदा, म्हणालो.