झीरो

नवले पुलाच्या अलीकडे, पंपाला टेकून
माझी ओम्नी उभी असते. चाकं बसलेली,
तिला कुठं जायचंही नाही.
आत मशीन, प्रिंटर, पाण्याची बाटली आणि मी.
पीयूसी काढून मिळेल.

सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत
मशीन झीरोला आणावं लागतं.
नळी दाराबाहेर सोडायची.
ते भोवतालची हवा ओढतं, घुरघुरतं,
आणि मानतं: ही स्वच्छ.
मग दिवसभर सगळ्यांचा धूर
या झीरोच्या पुढं मोजायचा.

झीरोच मळलेला असला तर?
कंपनीच्या आढावसाहेबांना विचारलं होतं.
ते म्हणाले, तांबोळी, चहा सांगा.

पंधरा वर्षांत नापास किती? बोटांवर मोजाव्यात.
"नळी कशाला, नुसता नंबर टाका की,
आमची गाडी मंडईच्या पुढं जात नाही,"
म्हणणाऱ्या काकू पास.
कात्रजच्या उतारावरून न्यूट्रलमध्ये घरंगळत आलेले ट्रक पास.
सगळेच पास,
आणि सिंहगडावरचा टॉवर, बसल्या जागी दिसायचा,
तो कुठल्या दिशेला
तेही आता बोट करून सांगावं लागतं.

अल्फियाचा स्वेटर दोन हिवाळे ट्रंकेतच राहिला.
काढला तेव्हा बाह्या कोपरापर्यंत.
ती म्हणते, थंडी म्हणजे फॅन एकवर.
तोंडातून वाफ निघायची, म्हटलं, तर हसली.
तिचा झीरो तिथंच लागलाय.

म्हणून गेल्या महिन्यात मशीन, बॅटरीसकट,
सासुरवाडीला नेलं. कोंढणपूर, गडाच्या मागं.
सासरे म्हणाले, जावई सुट्टीतही दुकान घेऊन आले.
पहाटे गोठ्याच्या वरच्या अंगाला, हिरड्याखाली
नळी सोडली. झीरो घेतला.
तसंच, बंद न करता,
मेहुण्याच्या टेम्पोत मांडीवर सांभाळत आणलं.

पुलाखाली दार उघडलं.
नळी मोकळी. समोर गाडी नाही.
आकडे हलले.
जरासेच.

प्रिंट दाबलं. मशीन म्हणालं, वाहन क्रमांक टाका.
आता कुणाचा टाकू?
बराच वेळ बोट तसंच.
शेवटी ओम्नीचा टाकला,
जी सहा वर्षं जागची हलली नाही.

मागं स्कूटरवाला हॉर्न देत होता.
नळी पुन्हा बाहेर सोडली,
बटण दाबलं.
घुरघुर. झीरो.

या, पुढं घ्या.