चारशे त्रेचाळीस नंबरची खिडकी

धंतोलीच्या रक्तपेढीत, मागच्या खोलीत
फ्रीजच्या पाठीला पाठ लावून
आमचा डेटाबेस बसलेला असतो, दोन हजार सहापासून.
त्याला पत्ता आहे, पण घरातल्या हाकेसारखा:
दहा, शून्य, शून्य, सतरा.
गल्लीत विचाराल तर कोणी ओळखणार नाही.

पराते साहेबांनी तो उभा केला.
निवृत्तीच्या दिवशी पासवर्ड पाकिटात घालून दिला, म्हणाले,
"मालविका, याला बाहेर नको काढू.
कोणाच्या रक्तात काय निघालं,
घरच्यांना नाही ते याला माहीत आहे."

पण आरमोरीहून डॉक्टर बोरकुटे
रात्री दोनला फोन करत,
वाजून वाजून तो थकायचा.
बी निगेटिव्ह आहे का, एवढंच विचारायचं असे,
म्हणजे गाडी गडचिरोलीला पाठवायची
की नागपूरला, ते ठरे.

म्हणून क्लाउड घेतलं.
"मे महिन्यात नागपुरात ढग?"
पराते साहेब फोनवर खूप वेळ हसले,
मग गप्प झाले. मग म्हणाले, "भिंत फोडशील का?"

नाही साहेब, फोडली नाही.
एक जुना डेस्कटॉप पुसून आत ठेवला,
त्याच्यावर गेटवे बसवला.
तो आतलाच. आतूनच बाहेर बघतो,
चारशे त्रेचाळीस नंबरच्या खिडकीतून
सारखा विचारत असतो, माझ्यासाठी काही निरोप?
वरून कोणी खाली उतरत नाही.
निरोप असला की हाच उचलतो,
हाच डेटाबेसपाशी जातो,
मोजतो, आणि मोजलेलं तेवढं सांगून येतो.
मी त्याला दोनच रकाने दाखवले:
रक्तगट, पिशव्या.
नावांच्या बाजूला त्याचं तोंडच नाही.

पहिल्याच दिवशी त्याने एक किल्ली ठरवायला लावली.
ही हरवली तर मीही तुला ओळखणार नाही, अशा अर्थाचं काही
पडद्यावर इंग्रजीत लिहून आलं.
ती मी पाकिटात ठेवली, पराते साहेबांच्याच.

एकोणीस मे. सेहेचाळीस अंश.
शिबिराची माणसं बाकांवर वितळून राहिलेली,
एका पोराला भोवळ आली.
चंद्रकला हेडाऊंनी कूलर ओढून आणला,
बोर्डात जागा नव्हती,
एक काळी पिन उपसली आणि कूलरची खोचली.
वाळ्याचा वास सुटला. पोरगं उठून बसलं.
मला तो वास आवडला, हे लिहून ठेवते.

मागच्या खोलीत गेटवे विझला होता.
डेटाबेस जागाच होता, त्याला कोणी विचारत नव्हतं.
आणि आरमोरीच्या पडद्यावर
सकाळी अकराचा आकडा तसाच उभा होता:
बी निगेटिव्ह, तीन.

संध्याकाळी तुळशीराम मडावी बर्फाची पेटी घेऊन आला.
शर्टावर मिठाच्या रेघा.
दुपारी दोन पिशव्या मेडिकलला गेल्या होत्या.
एक दिली.
"तीन आहेत म्हणे नं, मॅडम?"
त्याने आवाज चढवला नाही.
पेटीत एक पिशवी हलते,
म्हणून त्याने गमछाची घडी करून बाजूला कोंबली
आणि गाडी उमरेड रोडला लावली.

त्या रात्री मी तिसरा रकाना उघडला: वेळ.
आता आकड्याशेजारी लिहून येतं,
हे केव्हाचं आहे.
शिळं असेल तर लाल होतं.
इतकी साधी गोष्ट मला आधी सुचायला हवी होती.

चंद्रकलाबाईंनी त्या पिनेवर चिकटपट्टी लावली,
स्केचपेनने लिहिलं,
"हे काढाचं नाही. माणूस आहे."
मी काही दुरुस्त केलं नाही.

पराते साहेबांना फोनवर सगळं सांगितलं.
त्यांनी एकच विचारलं,
"मग तिकडची ती बाई?"

साहेब, ते आपल्या तक्त्यात येत नाही.
पिशवी बाहेर पडली की
आपली ओळ तिथे संपते.