मेण आधी

ग्रिम्सबीत डिसेंबरात चार वाजताच दिवे लागतात.
न्हाणीघराच्या आरशावरची वाफ मी बाहीनं पुसतो,
तोंड धुऊन, कोरडं करून
त्याच्याकडे बघत बसतो
धड्याच्या आधी पाटीकडे बघावं तसा.

मॉरीननं सांगितलंय: आधी पांढरा.
ओढायचा नाही, थोपटायचा,
किरकिऱ्या पोराला निजवताना थोपटावं तसा.
कानाची पाळी विसरायची नाही.
कान राहिला की विदूषक मेला, म्हणते ती.
चाळीस वर्षं किनाऱ्यावरच्या तंबूंतून तोंड रंगवलं तिनं,
आता बोटं आल्याच्या कुड्यांसारखी झालीत,
म्हणून तोंडीच शिकवते, चहा थंड करत.

मग पावडर, जुन्या मोज्यात भरलेली.
मोजा माझाच, राखाडी, ऑफिसचा.
गोदीवरचं ऑफिस बंद झालं तेव्हा
असे सात जोड उरले होते कपाटात.
त्यातला एक गालावर आपटतो, धप, धप,
डोळे मिटून, श्वास धरून.
तरी खोकला येतोच.

"आता हस," म्हणाली होती पहिल्या दिवशी.
"खरं हस. घडी कुठं पडते बघू दे मला.
रेघ तिथंच काढायची,
बाहेरून आणलेली रेघ चेहऱ्यावर टिकत नाही."
मी हसलो.
तिनं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं,
आणि म्हणाली, "हा गृहपाठ. घरी कर."
तीन आठवडे कडी लावून हसतोय.
भिंतीपलीकडच्या कॉलिननं कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना
हळूच विचारलं, सगळं बरं आहे ना?

आज हार्बर हॉलमध्ये म्हाताऱ्यांचं नाताळचं जेवण,
साडेपाचला टॅक्सी,
आणि माझे गाल जमत नाहीत.
डावा आमसुलासारखा, उजवा पसरलाय नाकापर्यंत.
पुसतो. पुन्हा पांढरा. पुन्हा मोजा.

हेमलता दारात, हातात घडी केलेले टॉवेल.
सोलापूरला बहिणीला फोनवर सांगते, हे हल्ली बिझी असतात.
कशात, ते सांगत नाही.
पुरतं रंगलेलं तोंड आज पहिल्यांदा बघतेय.
मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.
म्हणाली, "मेण लावलं का आधी?"

पासपोर्टांच्या खणातून डबी आणली.
मासळीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं:
बांगड्या नाहीत, केस जाळीत,
पहिल्याच सोमवारी सुपरवायझर बाईनं
स्वतःच्या कपाळाला बोट लावून दाखवलं
आणि टिश्यू पुढं केला, हसून, अगदी सभ्यपणे.
हे मला तिनं तेव्हा सांगितलं होतं
बटाटे सोलता सोलता.
मी म्हणालो होतो, नियम असतात.

करंगळीशेजारचं बोट मेणात फिरवलं, गालावर फिरवलं,
मग लाल.
डोळे मिटलेले तिचे.
दिवे गेलेल्या घरात, आरशाशिवाय शिकलेला गोल.
मॉरीन सांगते ते मधासारखं चिकट गोंद नको, कंपास नको.
पांढऱ्यावर मेण चालतं का, कोण जाणे.
गुदगुल्या झाल्या. मी हसलो.
"हलू नका," ती म्हणाली.
घडी कुठं पडली
ते बघायचं राहूनच गेलं.

दोन्ही गोल सारखे. तिळाएवढा फरक नाही.
खाली टॅक्सीनं दोनदा हॉर्न दिला,
मी नाक शोधू लागलो, टबाखाली गेलेलं,
त्यामुळे बोटाला उरलेलं लाल
तिनं कुठं पुसलं,
पाहिलं नाही.

जिन्यात वरून तिचा आवाज:
"अहो, कान. उजवा कान राहिला."