तीन नावं

घोड्यावरून उतरली तेव्हा
ब्लँकेटच्या पिनेवर तिची बोटं गारठून बसलेली.
आत चार दिवसांची पोर.
पापण्या टरारलेल्या, पिकल्या पीचसारख्या,
फटीतून पिवळा पू.

सासू म्हणाली, अंगावरचं दूध पिळलं डोळ्यांत, रोज.
मी काही बोलले नाही.
मीठपाणी कोमट करत होते.

कापूस आतून बाहेर, दर खेपेला नवा.
पोर किंचाळते, पण टिपूस नाही.
इतक्या लहानांना आसवं फुटत नाहीत अजून,
आणि हिचं नाव लिकेलेली. म्हणजे आसवंच.
लग्नाच्या दिवशीच सासरनं सुनेला दिलेलं:
मालिकेलेली, आसवांची आई.
पोरीआधी दोन वर्षं
ते नाव या डोंगरात एकटंच हिंडत होतं.

मांडी माझ्या अंगठ्याहून थोडी जाड.
अँटिबायोटिक भरलं, सुई टोचली.
आईनं मान फिरवली.
सासूनं नाही.

मग वही.
पोरीचं नाव.
खाली आईचं, तिलाही औषध.
तिसऱ्या ओळीवर पेन टेकवून विचारलं,
सेखोबे खाणीवरून कधी येतो?

सासू बर्फाबद्दल बोलू लागली,
घोड्याच्या नालाबद्दल.
मालिकेलेली म्हणाली, महिनाअखेर.
लिही त्याचं.
त्याला सांगेन मी.

रात्री दोघींना ठेवून घेतलं.
पहाटे कंदील घेऊन वाकले
तर डावी पापणी जरा उचललेली,
आत काळंभोर काहीतरी
कंदिलावर रागावलेलं.