बाजूला

सहाच्या बातम्यांत इंग्रिड टोलेफसन म्हणाली,
आता चौदा दिवस मी घरातूनच बोलणार.
मागे तळघर, वॉशिंग मशीनवर घडी न घातलेले टॉवेल,
आणि भिंतीवर घड्याळ, पावणेचारला थांबलेलं.

दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानात, माझ्या काउंटरवर,
अख्खं डुलुथ तिच्यापेक्षा घड्याळाबद्दलच जास्त बोललं.
सेल नाहीत का तिच्याकडे? मी नेऊन देतो.
पांढरे केस दिसायला लागले हो तिचे.
बरं झालं, माझेही दिसतात.
एक पोरगा म्हणाला, साधी सर्दी, चॅनेलला बघणारे हवेत,
आणि खोकला. कोपरात नाही, माझ्या दिशेनं.
मी पावती दिली.
मिस्टर क्विस्ट रक्तदाबाच्या गोळ्या मोजत म्हणाले,
वृद्धाश्रमात माईक घेऊन जायला कुणी सांगितलं होतं?
त्यांची बहीण तिथे असते, खालच्या मजल्यावर,
खिडकीपाशी. मी काही बोलले नाही.

ती माझ्या समोरच राहते. पिवळं दार,
पायऱ्यांवरून तळं दिसतं, मार्च संपला तरी गोठलेलं.
संध्याकाळी त्या पायऱ्यांवर काचेची भांडी यायची,
बटाटे, चीज, वर फॉइल, फॉइलवर मार्करनं नाव.
आणि नावाखाली: भांडं परत नको.
पोस्टमन पत्रपेटी कोपरानं उघडायचा.
एका रात्री पिकअप थांबला, काच खाली झाली,
"खोटारडी!" एवढंच. मग इंडिकेटर देऊन
तो शिस्तीत डावीकडे वळला.

आईला फोनवर सांगताना माझी जीभ अडली.
विलगीकरण म्हटलं, तर म्हणाली, माणसासारखं बोल.
म्हटलं, बाजूला बसलीय गं ती.
"असं होय! कावळा शिवला म्हण की."
आई हसली. मीही हसले,
आणि फोन ठेवल्यावर उगाच भांडी घासत राहिले.

कराडला मागच्या पडवीत माझी चटई वेगळी,
तांब्या वेगळा, ताट जरा लांबून सरकवलेलं,
त्यावर तूप मात्र रोजच्यापेक्षा जास्त.
गल्लीतल्या पोरांनाही कळायचं.
चेंडू पडवीत आला, तर ती
तो तसाच सोडून जायची.

नवव्या दिवशी तिनं थर्मामीटर मागवला.
मीच नेला. पिशवी पायरीवर ठेवली,
फुटपाथवर येऊन उभी राहिले.
दार उघडलं. टीव्हीवर दिसते त्याहून बुटकी,
पायात दोन रंगांचे मोजे. म्हणाली, वीस डॉलर, सुटे राहू देत,
आणि नोट दगडाखाली ठेवून आत गेली.
मी ती चिमटीत उचलली. घरी येऊन हात धुतले,
साबण, वीस आकडे, पुन्हा साबण.
नोट बाल्कनीत दोन दिवस चिमट्याला लटकत होती,
समोरच्या खिडकीतून सरळ दिसेल अशी.
हे मला तिसऱ्या दिवशी सुचलं.

अकराव्या संध्याकाळी तळघरातलं घड्याळ चालू झालं.
दुकानात म्हणाले, वीस मिनिटं पुढे आहे.

सोळाव्या दिवशी ती स्वतः आली. खोकला नाही, ताप नाही,
हातात खोकं. रांग आपोआप रुंद झाली,
मिस्टर क्विस्ट दोन फरशा मागे सरकले,
मग थांबले, आणि अर्धी फरशी परत पुढे आले.
खोक्यात भांडी, घासूनपुसून लख्ख. म्हणाली,
फॉइल टाकून दिली मी, नावं लक्षात नाहीत,
ज्याचं त्यानं ओळखून न्यावं.

कुणी हात पुढे केला नाही.
दुकानातला फ्रिज गुरगुरत होता.
मी काउंटरवरून वाकून एक उचललं,
निळ्या कडेचं, कोपऱ्यात जरासं टवका गेलेलं.
माझं नव्हतं.
"माझं," मी म्हणाले.