हिऱ्याची रुंदी

नेइयाफूच्या दवाखान्यात पंखा आज बंद आहे.
कालोलैनेच्या अंगठ्याची जखम मी पुसते,
ती खिडकीतून बंदरातल्या होड्या मोजते.
"पुन्हा पडलीस?"
"पडले नाही. पहाटे जमीनच वर आली."

साखर त्रेपन्न होती. भाचीने मध चाटवला,
नाहीतर आज ती चर्चमागच्या वाळूत असती.

मी पडदा तिच्याकडे वळवते.
सत्तावीस अभ्यास, एकाखाली एक,
आडव्या रेघा, प्रत्येकीच्या कमरेला चौकोन,
मधून एक उभी रेघ,
आणि सगळ्यांच्या तळाशी एक चपटा हिरा.
साखर आवळून धरली तर काय मिळतं :
फायदा थोडा, तोही उशिरा येणारा.
आणि तो येईपर्यंत, अशा पहाटा.

ती चष्मा लावते.
चाळीस वर्षं झाडाची साल कुटलेली बोटं
एकेक रेघ चाचपतात.
"ही एवढी लांब का?"
"माणसं कमी होती त्यात. खात्री कमी, म्हणून रेघ लांब."
"आमच्यातही, जिला काम येत नाही
तिचीच पट्टी फार पसरते."
हसते. मग बराच वेळ गप्प.

"ङातू करताना आम्ही पट्ट्या चिकटवतो,
एक थर उभा, एक आडवा,
भोक पडलं तर ठिगळ.
पण किडकी साल कुणी बैठकीला आणतच नाही गं,
ती घरच्या चुलीत जाते.
या लोकांनी चुली बघितल्या का?"

बघितल्या होत्या.
ठिपक्यांचं एक उलटं नरसाळं काढलं होतं,
त्याची डावी कड रिकामी होती.
हे मी आजवर कुठल्या रुग्णाला सांगितलं नव्हतं.

"आणि आपल्यातलं कोण आहे यात?"
ओसाका आहे, टोरांटो आहे, लायपझिग दोनदा.
बेटावरचं कुणी नाही.
एकटी झोपणारी,
रविवारी सगळ्या गावाबरोबर तारो जेवणारी,
नको म्हटलं तर यजमानीण रुसेल म्हणून
दुसऱ्यांदा वाढून घेणारी
कुणी नाही.

"हिरा त्या उभ्या रेघेला टेकलाय."
"हो."
"म्हणजे?"
"म्हणजे असेलही, नसेलही."
"एवढी माणसं मोजून?"
"एवढी मोजली म्हणूनच
इतकं तरी ठामपणे म्हणता येतं."

चिठ्ठीवरचे साडेसहा मी खोडते, आठ लिहिते.
रात्रीचं इन्सुलिन बावीसवरून चौदा.
खोडलेला आकडा खालून दिसत राहतो.
ती चिठ्ठी उजेडात धरते,
विणीतलं भोक शोधावं तशी.

तीन आठवड्यांनी ती वही घेऊन येते.
पेन्सिलीचे आकडे, एका पानावर गोंदाचा डाग,
दोन रविवार कोरे.
"ते विचारू नकोस."

एकटीचे एकवीस दिवस.
हिची रेघ काढायची म्हटलं
तर पडदा संपेल, भिंत संपेल,
खिडकीतून बाहेर पडून
बंदरापर्यंत जाईल.
मी वही मिटत नाही.