भाट नाल्याची नोंद

मे महिना. पारोळ्यातला भाट नाला म्हणजे
प्लॅस्टिक, बाभळीच्या शेंगा, एक बसलेली म्हैस.
मोरीचा पाइप नऊशे मिलिमीटर,
त्यातला निम्मा गाळ.
वरच्या प्लॉटांकडून येणारा ओहळ
नकाशात अजून निळा आहे;
जागेवर शटरांची रांग.

मी दारोदार विचारतो, पाणी कुठवर आलं होतं?
वेडू शिंपी मशीनच्या पायट्याला बोट लावतो.
गिरणीवाला जकीर तडवी म्हणतो, कोनाड्यापर्यंत,
मग थांबतो: नाही, कोनाडा नंतर केला.
वहीत आकडे एकमेकांशी भांडतात.

हिरकणबाई उंबऱ्यातच उभी.
"आठेलोंग," म्हणते, गळ्याशी हात आडवा.
मी स्टाफ लावतो. एक पूर्णांक पंचवीस.
लिहिता लिहिता सहज विचारतो,
तेव्हा तुम्ही केवढ्या होत्या?

"पोयाना दिन व्हता. मी आठ वरीसनी."

पेन तसंच राहतं.
ती शेजारच्या पोरीला हाक मारते,
भिंतीला पाठ लावून उभी करते,
टाचा टेकव म्हणते,
आणि तिच्या गळ्याशी आपला तळहात धरते,
जरा जास्तच वेळ.
शून्य पूर्णांक सत्त्याण्णव.
आधीचा आकडा मी खोडतो.

खडूची रेघ ओढताना दिसतं,
बाहेरचा रस्ता दोनदा काँक्रीट होऊन
उंबऱ्याच्या वर आलाय.
घर होतं तिथंच.

पोरीने गाल फुगवून श्वास धरलेला.
कुणी सांगितलं नव्हतं.
"आते सोडू का?" ती डोळ्यांनीच विचारते.